शेखार

बायबलमधली हन्ना शिलोच्या देवळात मुलासाठी नवस बोलत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. म्हाताऱ्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तिने सांगितलं: मी ‘याइन’ही घेतलेली नाही आणि ‘शेखार’ही.

याइन म्हणजे द्राक्षारस. मग शेखार? ‘श-ख-र’ या हिब्रू धातूचा अर्थ झिंगणं. शेजारच्या अक्कादी भाषेत ‘शिकारू’ म्हणजे चक्क जवाची बिअर. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, पाण्यात आंबवायचे. म्हणून काही अभ्यासक शेखार म्हणजेही बिअरच मानतात, आणि मला ते पटतं. इंग्रजी बायबलांनी त्याचं ‘कडक पेय’ करून टाकलं, तिथे घोटाळा झाला. कडक म्हटलं की डोळ्यांपुढे भट्टीची दारू येते. हन्नाच्या काळी तिच्या मुलखात दारू गाळण्याची कला नव्हतीच. आणि शेखार निषिद्धही नव्हता. नाझीर, म्हणजे देवाला वाहून घेण्याचं व्रत घेतलेल्याला तो वर्ज्य, पण रोजच्या कोकराच्या बलीबरोबर पाव हिन (हिन हे द्रवाचं माप) शेखार देवापुढे ओतायचा, असा बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकातला नियम आहे.

पुढे ग्रीकांनी त्याचं ‘सिकेरा’ केलं, लॅटिनने ‘सिसेरा’, जुन्या फ्रेंचने ‘सिद्र’. तिथे अर्थही बदलून सफरचंदावर आला.

आपल्या साखरेशी मात्र याचं नातं जोडू नका. ती संस्कृत ‘शर्करे’ची लेक. शेखारचा खरा वारस सफरचंदाची ‘सायडर’.