प्याऊ: दगड शेटजींचा, पाणी पालिकेचं

लंडनच्या रीजंट्स पार्कात, ब्रॉड वॉकच्या वाटेवर, 1869 सालची एक पाणपोई उभी आहे. संगमरवर सिसिलीचा, तांबडा ग्रॅनाइट स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा आणि पैसे मुंबईचे. कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी शेटजींनी ती लंडनकरांना भेट दिली. इंग्रजी अमलात पारशी समाजाला जे संरक्षण मिळालं, त्याबद्दलची ही कृतज्ञता, असं तिच्यावर कोरलेलं आहे. राज्यकर्त्यांच्या राजधानीत प्रजेतल्या एकाने तहानलेल्यांची सोय करावी, हा मामला मोठा गमतीचा आहे. गंमत थोडी बाजूला ठेवली तर त्यात हिशेबही दिसतो. अशा दानातून सरकारदरबारी वजन वाढायचं. शेटजींना तीनच वर्षांनी ‘सर’ हा किताब मिळाला.

याच रेडीमनींनी मुंबईत चाळीसेक पाणपोया बांधून दिल्याचं सांगतात. मुंबईच्या बोलीत त्यांना प्याऊ म्हणतात. घडीव दगड, वर घुमट किंवा छत्री, चार बाजूंना नळ, आणि खाली जमिनीलगत दगडी हाळ. माणूस उभ्याने वर प्यायचा, व्हिक्टोरिया गाडीचा घोडा आणि खटाऱ्याचा बैल मान घालून खाली. मोटारी येण्याआधी शहराचा बहुतेक माल जनावरांच्या जिवावर हलायचा, त्यामुळे हाळ ही निव्वळ भूतदया नव्हती. बाजारातून निघालेला कापसाचा गठ्ठा गोदीत वेळेवर पोचायचा, तर बैलाला वाटेत पाणी मिळायलाच हवं.

पण पाणपोईचं मूळ शोधायचं तर लंडन आणि मुंबई दोन्ही सोडून नाशिकला जावं लागतं. पांडवलेण्यांतल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. या गृहस्थाने तापी, दमण, डहाणू धरून सहा नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या आणि दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी सभा आणि प्रपा, म्हणजे विसाव्याची जागा आणि पाणपोई, उभारल्या. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. तिथे आणि नाशिकजवळच्या गोवर्धनातही त्याने धर्मशाळा, विहिरी, तळी केली.

त्याच लेण्यातला दुसरा लेख मला जास्त मोलाचा वाटतो. उषवदाताने 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेव म्हणून ठेवले. 2,000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, उरलेले 1,000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं आणि त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागवायचा. म्हणजे लेणं खोदून देऊन तो मोकळा झाला नाही. लेण्यात माणसं राहणार, त्यांना दरवर्षी खर्च लागणार, हे त्याने ओळखलं आणि त्याची तरतूद दगडावर कोरून ठेवली, व्याजाच्या दरासकट. पुढच्या शहरी दात्यांनी ही अक्कल फारशी उचलली नाही.

पाण्याच्या दानाची दुसरी बाजू आपल्याकडे कुणी पाटीवर लिहिली नाही. पाणी सगळ्यांसाठी, पण ‘सगळे’ म्हणजे कोण? पाणपोईवर पाणक्या बसायचा, तो गडूने वरून धार सोडायचा. भांडं कुणाच्या हाती द्यायचं आणि कुणाच्या ओंजळीत लांबून ओतायचं, हे जातीवर ठरायचं. जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यात बांधकाम काहीच नव्हतं, खर्चही जवळपास नव्हता. माझ्या मते मात्र त्या शतकातलं पाण्याचं सर्वांत मोठं दान तेच. मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर व्हायला 1923 साल उजाडलं. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून 1924 मध्ये चवदार तळं कागदावर खुलं केलं, आणि त्या कागदाला अर्थ यावा म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळीने तिथलं पाणी प्यावं लागलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर प्याऊ शक्य झाला तो नळामुळे. त्याआधी शहर विहिरी-तळ्यांवर जगत होतं. धोबीतलावचं तळं 1831 मध्ये फ्रामजी कावसजींनी स्वखर्चाने नव्याने बांधून काढलं. पण उन्हाळ्यात तळी तळ गाठायची, आणि 1854 च्या टंचाईत तर बाहेरून पाणी आणायची पाळी आली. त्यातून विहार तलावाची योजना निघाली आणि 1860 मध्ये शहरात नळाचं पाणी खेळू लागलं. आता दात्याला विहीर खणायची गरज उरली नाही. पालिकेच्या वाहिनीला तोटी जोडली आणि भोवती शिल्प उभारलं की काम झालं. सरकारी पाणी आणि खासगी दगड, अशी ही भागीदारी होती.

याच सुमारास लंडनलाही हेच घडत होतं. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपातून कॉलरा पसरला हे जॉन स्नोने 1854 मध्ये दाखवून दिलं होतं. मग शुद्ध पाणी फुकट पुरवण्यासाठी 1859 साली सॅम्युएल गर्नी यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली आणि 21 एप्रिलला सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात पहिली फुकट पाण्याची तोटी सुरू झाली. साखळीला बांधलेले पेले, आणि पेला जागेवर ठेवा अशी सूचना दगडातच कोरलेली. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेसने 1872 मध्ये चार स्त्रीमूर्तींच्या हिरव्या ओतीव लोखंडी पाणपोया दिल्या. तिथले पेले मात्र आरोग्याच्या कारणाने 1952 मध्ये काढून टाकले.

मुंबईत 1876 साली मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नायक यांचा प्याऊ आला, डोक्यावर घड्याळाचा मनोरा घेऊन. बाजारात हमालाला तहान लागते तशी वेळही कळावी लागते. फोर्टमध्ये मिंट रोडच्या टोकाला रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं 1894 मधलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्याने व्हिक्टोरिया टर्मिनस उभं केलं. कोरीवकाम जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखालचं. कापसाच्या या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा धरमसी लहान वयात गेला, त्याच्या आठवणीसाठी हे बांधलं. माथ्यावर त्या मुलाचा पुतळा आहे, हातात पुस्तक. त्याच्यासमोर उभं राहिलं की दानामागचे किताब आणि व्यापार यांचा हिशेब मांडणं जरा जड जातं.

पण मुंबईच्या या सगळ्या प्याऊंत एक उणीव समान होती. दात्याने दगड दिला, शिल्प दिलं, नाव कोरलं. तोटीचा वायसर झिजला की तो कुणी बदलायचा, हे कुठे लिहून ठेवलं नाही. घरोघरी नळ आले, घोडे-बैल रस्त्यावरून गेले, मग बाटलीबंद पाणी आलं. प्याऊंच्या आडोशाला टपऱ्या बसल्या, हाळात कचरा साठला, काही रस्तारुंदीत गेले. गेल्या काही वर्षांत पालिकेच्या वारसा विभागाने आणि नागरिकांनी मिळून त्यांतले काही पुन्हा वाहते केले. रतनसी मुळजी कारंजाच्या जीर्णोद्धाराचा तर 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव झाला. पॅरिसच्या वॉलेस पाणपोया दीडशे वर्षांनंतरही वाहतात. दाता तिकडचा मोठा आणि इकडचा छोटा, असं काही नाही. तिथे निगराणी शहराच्या कारभाराचा भाग झाली, एवढंच.

आजही आईवडिलांच्या स्मरणार्थ शाळेला, एसटी स्टँडला, दवाखान्याला थंड पाण्याचा कूलर देण्याची रीत जोरात आहे. देणाऱ्यांना एकच सुचवतो. कूलरच्या किमतीइतकीच रक्कम गावातल्या पतपेढीत ठेव म्हणून ठेवा, तिच्या व्याजातून दरवर्षी फिल्टर आणि तोट्या बदलायचं लेखी ठरवून घ्या, आणि पाटीवर स्वर्गीयांच्या नावाखाली दुरुस्ती कुणाकडे आहे तेही लिहा.