गारोळचा वळसा

दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू होते. घोंगडीला गिऱ्हाईक होते तोवर मेंढक्याचे त्यावर भागे. सरकारी संकर-योजनांचे लक्षही लोकरीवरच. मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे मेंढे दख्खनी मेंढ्यांवर सोडले गेले ते त्यासाठी. पुढे जाडीभरडी लोकर कवडीमोल झाली, मटणाचा भाव चढला, आणि विकलेली कोकरे हेच मेंढक्याचे उत्पन्न उरले.

मटण वाढवायचे तर थोराड मेंढा आणावा, ही सर्वसाधारण रीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बनबिहारी निंबकरांनी उलटे केले. (साहित्याच्या वाचकांना ते जाई निंबकरांचे पती आणि इरावती कर्व्यांचे जावई म्हणून ठाऊक असतील.) त्यांनी सुंदरबनातली गारोळ मेंढी निवडली. दलदलीच्या मुलखात चरणारी ही मेंढी प्रौढपणीही 15 किलोंच्या आतच. तिचा गुण एवढाच, की तिला जुळी होतात, कधी तिळीही.

हा गुण त्याआधीच परदेशी जाऊन नावारूपाला आला होता. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि तिथल्या कळपांत मिसळल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी ‘बुरुला’ नावाच्या मेंढवाड्यातल्या मेरिनो मेंढ्या जुळ्या-तिळ्यांसाठी गाजल्या. यामागे एकच जनुक असल्याचे 1980 नंतर दिसून आले. 2001 मध्ये ते नेमके सापडले, आणि लगेच गारोळमध्येही तेच आढळले. चंदा निंबकरांनी या जनुकावरच ऑस्ट्रेलियात डॉक्टरेट केली. बंगालची ठेव ऑस्ट्रेलियाच्या वहीत सापडावी, हे आपल्या विज्ञानाच्या इतिहासात नवे नाही.

अडचण उघड होती. गारोळच्या संकराने कोकरे वाढली, पण अंगाने लहान झाली. म्हणून संकरित पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवल्या. भरीव अंगासाठी कर्नाटकातल्या बन्नूरचे रक्त घेतले. गारोळचे बाकी सारे गाळून एक जनुक तेवढे राखायचे, आणि ते कोणत्या कोकरात उतरले हे रक्ताच्या डीएनए तपासणीने पाहायचे. यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी वेताला सरासरी दीड कोकरू देते. दोन प्रती असल्या तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि तीन कोकरांना पुरेल इतके दूध कासेत नसते. त्यामुळे दोन प्रतींचा मेंढा खांडात सोडायचा, म्हणजे दख्खनी मेंढीच्या प्रत्येक लेकीला एकच प्रत मिळते.

जुळ्यातले कोकरू एकट्यापेक्षा हलके जन्मते, सावकाश वाढते; दोघांचे मिळून वजन मात्र एकट्याहून बरेच भरते. हा हिशेब जमतो तो दोन्ही जगली तर. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. रोजच्या मुक्कामात व्यालेल्या मेंढीला जास्तीचा खुराक कोण देणार, आणि दुसरे कोकरू घोड्यावरच्या कोणत्या बोचक्यात बसवणार? हे ओझे बहुतेक वेळा बिऱ्हाडाबरोबर चालणाऱ्या बाईच्या वाट्याला येते. कोकरांना पाजण्याचे आणि दुबळ्याला दुसऱ्या मेंढीखाली लावण्याचे काम तिचेच. गावाजवळ मेंढ्या राखणाऱ्याला जुळी लाभतात. वाटेवरचा मेंढका मेंढा निवडताना अजून दहादा विचार करतो.