मोडीतला इकार

लिपी बदलली म्हणून भाषा मरत नाही. पण वाडवडिलांचे लिहिलेले परके होते. दूर कॉकेशस पर्वतातील अबखाझ भाषेसाठी १९२८ साली लॅटिन अक्षरे स्वीकारली गेली, १९३८ साली त्यांच्या जागी जॉर्जियन लिपी आली आणि १९५४ साली रशियन वळणाची. एका पिढीच्या हयातीत तीन लिप्या! आपल्याकडे असा वियोग मोडीच्या वाट्याला आला.

मोडी ही लगबगीची लिपी. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. या घाईत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद गळून गेला. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत सारखेच. कारकुनाचे त्यावाचून अडत नसे. संदर्भ त्याला ठाऊक असे. कवीचे मात्र अडते. बारामतीस राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) हजारो आर्या रचल्या. आर्येचा सारा हिशेब मात्रांचा: ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. तेव्हा पोथीला बाळबोध आणि वहीला मोडी, ही वाटणी सोयीचीच होती.

आता शेजारच्या इंदापुराकडे वळू. प्रिंगलसाहेबाने १८३० च्या सुमारास बसविलेला सारा तिथल्या रयतेला झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या, कुळे गाव सोडून गेली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली याच तालुक्यात नवी पाहणी आरंभली. सारा हलका करून तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याची जमीन-मोजणीची पद्धत येथूनच पसरली. या साहेबांचे अहवाल इंग्रजीत छापले गेले. ते आज कोणीही वाचावेत. परंतु कोणत्या कुळाने किती भरले, कोणाचे शेत ओस पडले, हे गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात, मोडीत. म्हणजे सारा घेणाऱ्याची बाजू उघडी आणि देणाऱ्याची बंद!

छापखान्याला बाळबोध सोयीची पडली आणि १९५० च्या सुमारास मोडी शाळांतूनही गेली. २०१४ साली संगणकाच्या युनिकोड वर्णसंचात तिला जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण यंत्राला अक्षर कळले तरी ‘दिन’ की ‘दीन’, हे गावची रीत जाणणाऱ्या वाचकालाच ठरवावे लागते. असे दोन-चार वाचक प्रत्येक गावात तयार व्हावेत. नाहीतर आपल्याच पणजोबांची हलाखी आपण साहेबांच्या अहवालातून वाचत राहू.