इंजिनाला कान आले

मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. शोफर म्हणजे मोटार हाकणारा. हँडल मारून गाडी चालू करायच्या काळात ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि शोफरचं मनगट जाई. म्हणूनच 1908 मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या. उजवी पेट्रोलची, डावी टायमिंगची. हँडल मारण्याआधी डावी दांडी वर ठेवायची, म्हणजे ठिणगी उशिरा. इंजिनाने जीव धरला की ती हळूहळू खाली ओढायची, म्हणजे ठिणगी लवकर. टायमिंग लावणं हे असं रोजचं हातकाम होतं.

मुळात लवकर कशाला? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका झटक्यात जळत नाही, त्याला दोनेक मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात 3000 आरपीएमवर क्रँक 36 अंश फिरून मोकळा होतो. म्हणून पिस्टन टॉपला पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. उशीर झाला तर वरातीमागून घोडं: पिस्टन खाली निघालेला, जाळ मागून येतोय आणि ताकद सायलेन्सरवाटे बाहेर. फार घाई केली तर उतावळा नवरा: पिस्टन अजून चढतोय आणि वरून दणका. उरलेलं मिश्रण मग आपलं आपणच पेटतं आणि पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. हेच नॉकिंग. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये तिला आपोआप पुढेमागे करणारी फिरती वजनं आणि व्हॅक्यूमची डबी आली तशी स्टिअरिंगखालची दांडी गेली. तरी मूळ बिंदू माणसालाच लावावा लागे. पद्मिनी टॅक्सीचं टायमिंग लावताना मुंबईचे मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचे आणि कान द्यायचे.

टर्बोने या कानाची पंचाईत केली. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची. पेटंट 1905 चं. पण दाबलेली हवा तापते, आणि दाट, तापलेलं मिश्रण लवकर नॉक होतं. हलक्या पायाला जे टायमिंग उत्तम, तेच टर्बो भरात आल्यावर घातक ठरतं. शिवाय गॅरेजात उभ्या गाडीत टर्बोचा दाब चढतच नाही. मेकॅनिकने ऐकायचं काय?

विक्रीला आलेल्या पहिल्या दोन टर्बो मोटारी 1962 च्या, दोन्ही अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या. ओल्ड्समोबिल जेटफायरने कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, 10.25 तसंच ठेवलं आणि नॉकिंगवर पाणी व मिथेनॉलचा फवारा मारला. त्याची टाकी मालकानेच भरायची. मालक विसरत आणि टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा गळा आवळे. दोन वर्षांत जेटफायर बंद पडली.

शेव्हरोले कॉर्व्हेअरवाल्यांचा डाव निराळा. कॉम्प्रेशन 8 वर आणलं आणि व्हॅक्यूमच्या डबीचा उलटा उपयोग केला. एरवी या डबीतला पडदा व्हॅक्यूमने ओढला जातो आणि ठिणगी लवकर पडते. कॉर्व्हेअरमध्ये मुळातलं टायमिंगच चांगलं 24 अंश पुढे लावलं आणि डबीला टर्बोचा दाब जोडला. दाब चढला की पडदा ढकलला जाई आणि ठिणगी मागे सरे. टर्बो गाडीच्या टायमिंगचा मूळपुरुष मी या पत्र्याच्या डबीला मानतो. पण ती बहिरी होती. पेट्रोल हलकं आहे की चांगलं, दिवस उन्हाचा आहे की थंडीचा, तिला पत्ता नसे.

कान आले ते 1978 मध्ये, ब्यूकच्या 3.8 लिटर टर्बो व्ही-6 इंजिनाला. इंजिनावर स्क्रूने बसवलेला एक सेन्सर. आजच्या अशा सेन्सरच्या आत पिझो स्फटिक असतो. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्येच दाखवलं होतं. खटका दाबून ठिणगी पाडणारा आपला गॅस लायटर चालतो तोही याच गुणावर. ब्यूकमध्ये नॉकिंगचा हादरा बसला की सेन्सरमधून विजेचा इशारा निघे आणि इलेक्ट्रॉनिक डबा ठिणगी मागे घेई.

स्वीडनच्या साबने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला असाच कान वापरला, पण टायमिंगला हात न लावता टर्बोचा दाब उतरवला. मला विचाराल तर साबचं डोकं जास्त ताळ्यावर होतं. ठिणगी मागे घेतली की धूर अधिक तापतो आणि ती धग पुन्हा टर्बोलाच सोसावी लागते. आजचा कॉम्प्युटर दोन्ही करतो, ठिणगी तर एकेका सिलिंडरची वेगळी सांभाळतो.

त्यामुळे नव्या टर्बो पेट्रोल गाडीत फिरवायला डिस्ट्रिब्यूटरच उरलेला नाही. टायमिंग बदलायचं तर लॅपटॉप जोडून. पण सेन्सर कधी बदलावा लागलाच तर मेकॅनिकला टॉर्क रेंच काढायला सांगा. बोल्ट बहुधा 20 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. अंदाजाने करकचून आवळला किंवा खाली गंज राहिला, तर त्या कानाला धड ऐकू येत नाही.