दमट हवेतील टोमॅटो : 'अर्का रक्षक'चे बळ आणि मर्यादा

जुलै २०२३ मध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोने किलोमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. काही ठिकाणी भाव दोनशेच्या घरात पोहोचला. अशा वेळी शहरातील ग्राहकाचा रोष साहजिकच दलालांवर निघतो. तथापि टोमॅटो फार काळ साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे शेतात दोन-तीन आठवडे रोगाने थैमान घातले, की त्याचे पडसाद थोड्याच दिवसांत भाजीबाजारात उमटतात. लहरी आणि दमट हवेत तग धरणाऱ्या वाणांचे महत्त्व येथेच लक्षात येते.

टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील. मध्यम उष्णता, भरपूर ऊन आणि कोरडी हवा त्याला मानवते. रात्रीचे तापमान साधारणतः १५ ते २० अंश सेल्सिअस असताना फळधारणा उत्तम होते. दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. हवेतील आर्द्रता फार वाढली, तर परागकण एकमेकांना चिकटतात व परागीभवन नीट होत नाही. सकाळी ऊन, दुपारी सर आणि रात्री दव अशा हवेत पाने सतत ओली राहतात. बुरशीला याहून सोयीची स्थिती नाही.

तीन शत्रू

या पिकाचे तीन रोग विशेष नुकसानकारक ठरतात. पहिला पर्णगुच्छ अर्थात 'लीफ कर्ल'. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे पाने आक्रसतात, झाड खुरटते आणि फळे धरत नाहीत. दुसरा जिवाणूजन्य मर रोग. यात हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकते. रोगट खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास त्यातून दुधट धार निघते. हीच या रोगाची सोपी परीक्षा. तिसरा लवकर येणारा करपा. या बुरशीमुळे पानांवर एकात एक वलये असलेले तपकिरी ठिपके पडतात आणि पाने खालून वर वाळत जातात.

यांपैकी विषाणूवर औषध नाही, तर मर रोगाचे जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणूनच फवारणीपेक्षा झाडाच्या अंगची प्रतिकारशक्ती अधिक मोलाची ठरते.

एका झाडात तीन कवचे

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील, बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत डॉ. ए. टी. सदाशिव यांच्या नेतृत्वाखाली 'अर्का रक्षक' हा संकरित वाण विकसित झाला. २०१० नंतरच्या काही वर्षांत तो शेतकऱ्यांच्या हाती आला. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो प्रतिकारक्षम आहे. फळ साधारण ९० ते १०० ग्रॅम वजनाचे, गडद लाल व घट्ट असते. ते १५ ते २० दिवस टिकते, हा लांबच्या बाजारपेठेसाठी मोठाच लाभ. १४० ते १५० दिवसांत हेक्टरी ७५ ते ८० टन उत्पादन मिळू शकते, असे संस्थेचे म्हणणे आहे.

हे बळ संकरातून येते. दोन निवडक पालक वाणांच्या संकरातून मिळालेल्या पहिल्या पिढीत उभयतांचे गुण एकत्र येतात; पुढच्या पिढीत ते विखुरतात. त्यामुळे घरच्या फळांतील बी धरून पुढील हंगामात तेच पीक मिळत नाही. दरवेळी नवे बियाणे विकत घ्यावे लागते आणि लागवडीच्या हिशेबात हा खर्च धरावाच लागतो.

कवचाबाहेरचे रोग

'रक्षक' या नावामुळे सर्व रोगांपासून संरक्षण मिळते, असा समज होऊ शकतो. तो खरा नाही. थंड, ढगाळ व दमट हवेत झपाट्याने पसरणारा उशिरा येणारा करपा हा निराळा रोग आहे. त्याला आवर घालणारी प्रतिकारशक्ती याच संस्थेने पुढे 'अर्का अभेद' या वाणात आणली. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात 'तिरंगा' या नावाने गाजलेल्या रोगाच्या नमुन्यांत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. मावा किडीमार्फत पसरणारा हा विषाणूही वरील तिघांत मोडत नाही. कोकण व गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत आणि उष्ण-दमट हवेत मर रोगाचा जोर अधिक असतो. शिवाय या जिवाणूचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात. म्हणूनच प्रथम थोड्या क्षेत्रावर वाण पारखून घेणे शहाणपणाचे ठरते.

वाण उत्तम असला, तरी निगा चुकत नाही. रोपे कीटकरोधक जाळीखाली, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवावीत आणि साधारण २५ दिवसांची झाल्यावर लावावीत. गादीवाफा उंच असावा, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही. ठिबक सिंचनाने पाने कोरडी राहतात. बांबू व तारेचा आधार दिल्यास फळे जमिनीला टेकत नाहीत आणि झाडांतून हवा खेळती राहते. पाण्याच्या पाळ्यांत अनियमितता आली, तर फळे तडकतात. वांगी, मिरची किंवा बटाटा यांच्यामागून त्याच जमिनीत टोमॅटो घेणे टाळावे. ही सारी एकाच कुळातील पिके असल्याने त्यांचे रोगही बरेचसे सामाईक असतात. गच्चीवरील कुंडीलाही यातील बहुतेक नियम लागू पडतात. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवय तर अवश्य सोडावी.

बियाण्याच्या पाकिटावरील 'रोगप्रतिकारक' हा शब्द अपुरा असतो. कोणत्या रोगाला प्रतिकारक, हे विचारूनच पाकीट घ्यावे. आपल्या शिवारात गेल्या हंगामात कोणता रोग आला होता, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच या प्रश्नाच्या उत्तराचा खरा उपयोग होतो.