पोटगी, नान-नफका आणि औषधपाणी : अवधच्या संदर्भात विभक्त पत्नीच्या उपचारखर्चाचा इतिहास

पतीपासून दूर राहणाऱ्या स्त्रीला मिळणाऱ्या निर्वाहखर्चासाठी मराठीत 'पोटगी' हा शब्द रूढ आहे. या शब्दात पोट आहे. त्याच अर्थाच्या 'अन्नवस्त्र' या जोडशब्दात पोटाबरोबर लज्जारक्षणही येते. उर्दूतील 'नान-नफका' या संज्ञेचा आरंभ भाकरीपासून होतो, तर 'गुजारा' या शब्दातून केवळ दिवस निभावून नेणे सूचित होते. दोन्ही भाषांच्या या शब्दसंपदेत आजारपणाला मात्र स्थान नाही. विभक्त वा घटस्फोटित पत्नी आजारी पडली तर तिच्या औषधपाण्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न कायद्याच्या आणि साहित्याच्या इतिहासात दीर्घकाळ बेवारस राहिला. शब्दांतील ही उणीव त्याचीच निदर्शक होय.

लखनौ जिल्ह्यातील मलिहाबाद आज दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र ते फकीर मुहम्मद खान 'गोया' आणि त्यांचे पणतू जोश मलिहाबादी यांच्या आफ्रिदी पठाण घराण्याचे गाव म्हणून परिचित आहे. १८५६ साली अवधची नवाबी संपुष्टात आली आणि या परिसरातील विवाहविषयक व्यवहार इंग्रजी न्यायालयांच्या कक्षेत आले. अवधच्या प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांत मेहरची रक्कम पतीच्या ऐपतीपलीकडे ठरविण्याची प्रथा होती. विवाहसमयी ही रक्कम क्वचितच दिली जाई. तलाक दिल्यास ती एकरकमी चुकवावी लागेल, या धाकातच तिचे सामर्थ्य होते. विम्याची कल्पना रुजण्यापूर्वीचा हा एक प्रकारचा विमाच होता. तथापि १८७६ च्या अवध कायद्याच्या पाचव्या कलमान्वये, मेहरची रक्कम पतीच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी असल्यास करारातील संपूर्ण आकडा मंजूर न करता पतीची ऐपत आणि पत्नीचा दर्जा पाहून वाजवी रक्कम ठरविण्याचे बंधन न्यायालयांवर आले. तरतूद वरकरणी न्याय्य होती. तिच्यामुळे पत्नीच्या हातातील धाकाचे मोल मात्र घटले, कारण करारातील आकडा यापुढे निर्णायक राहिला नाही.

मेहरच्या जोडीला 'खर्च-ए-पानदान' ही दुसरी प्रथा होती. पत्नीच्या पानविड्याच्या डब्यासाठी म्हणून ठरलेली ही रक्कम वस्तुतः तिचा वैयक्तिक खर्च असे. मराठेशाहीतील 'चोळीबांगडी'च्या नेमणुका याच जातीच्या होत. दोन्ही ठिकाणी स्त्रीच्या हाती स्वतंत्र पैसा देताना त्याला शृंगाराचे वा सौभाग्याचे नाव द्यावे लागले, ही बाब तौलनिक दृष्टीने लक्षणीय आहे. १८७७ साली सासऱ्याने करून दिलेल्या अशाच एका कराराचा वाद अलाहाबाद उच्च न्यायालयातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. दरमहा ५०० रुपयांचा पानदानखर्च कबूल झाला होता. पुढे बेबनाव होऊन पत्नीने घर सोडले आणि थकबाकीची मागणी केली. १९१० साली न्यायमूर्ती अमीर अली यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. पत्नी पतीगृही राहील तोवरच ही रक्कम द्यावी, अशी अट करारात नव्हती. नातेसंबंध दुरावल्यावरही टिकणारे आर्थिक दायित्व येथे मान्य झाले. परंतु त्याचा आधार करार हा होता, तिची गरज नव्हे. ज्या स्त्रीच्या पित्याने विवाहसमयी असा लेख करून घेतला नाही, तिला या निर्णयाचा उपयोग नव्हता.

गरजेचा विचार धर्मशास्त्रांत आढळतो, पण तोही सीमित स्वरूपात. औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'नुसार आजारातील औषधे आणि वैद्याचे मोल देणे पतीवर बंधनकारक नाही. पत्नी पतीगृही आजारी पडल्यास तिचा नफका बंद होत नाही, हे हनफी परंपरेने मान्य केले; मात्र तो नफका अन्नवस्त्रनिवाऱ्याचाच होता. हंबली पंथाचे इब्न कुदामा यांनी यासाठी भाड्याच्या घराचा दृष्टांत योजला आहे. पडलेली भिंत बांधून देणे ही भाडेकऱ्याची जबाबदारी नसते, असा त्याचा आशय. दृष्टांत तर्कशुद्ध आहे, आणि पत्नीदेहाविषयीची दृष्टी त्यात जितकी उघडी पडते तितकी ती प्रत्यक्ष नियमात पडत नाही. हिंदू धर्मशास्त्राची भूमिकाही याहून फार उदार नव्हती. मनुस्मृतीने रोगी पत्नी असताना दुसरा विवाह करण्यास वाव दिला. पत्नी हितकारी आणि शीलवती असेल तर तिची संमती घ्यावी आणि तिचा अवमान करू नये, इतकेच बंधन घातले. अधिविन्ना पत्नीचे भरणपोषण करावे, असे याज्ञवल्क्य सांगतात. भरणात उपचार अंतर्भूत आहे काय, याविषयी ते मौन बाळगतात.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत हा प्रश्न उलट बाजूने उपस्थित झाला. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दाखल केलेल्या दाव्यात रखमाबाईंनी सहवास नाकारण्याची जी कारणे दिली, त्यांत पतीच्या निर्धनतेबरोबर त्याचा दमा आणि क्षयाची लक्षणेही होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला; मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम केला. १८८८ साली तडजोड झाली ती रखमाबाईंच्या बाजूने दादाजींना २,००० रुपये देऊन. विभक्त होण्याचे मोल येथे पत्नीने चुकविले. पुढे त्या लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांवर उपचार केले.

दुसऱ्या एका स्त्री-डॉक्टरने या प्रश्नाला वाङ्मयीन रूप दिले, आणि ते लखनौत. डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अंगारे' या संग्रहातील रशीद जहाँ यांच्या 'पर्दे के पीछे' या एकांकिकेत वारंवारच्या बाळंतपणांनी खचलेली पत्नी आपल्या देहाची कर्मकथा सांगते. तिच्या आजारावर पती दुसऱ्या विवाहाची टांगती तलवार ठेवून आहे. आजारपण आणि परित्याग यांचा कार्यकारणसंबंध ही लेखिका नेमका पकडते. तिच्या पात्राला पोटाची चिंता नाही, घरात सुबत्ता आहे. प्रकृती ढासळल्यावर पत्नीपणच डळमळते, ही तिची भीती होय. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने हा संग्रह जप्त केला. धर्मभावना दुखावल्याच्या कोलाहलात एकांकिकेतील वैद्यकीय वास्तव बाजूला पडले.

कायद्याने हे वास्तव शब्दबद्ध केले ते १९५६ साली. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि शिक्षण यांच्या पंक्तीला वैद्यकीय शुश्रूषा व उपचार आले. सर्वधर्मीयांना लागू असलेल्या फौजदारी संहितेत मात्र निर्वाहाची रक्कम दरमहा ५०० रुपयांच्या मर्यादेत जखडलेली होती. ती मर्यादा २००१ साली दूर झाली. शाहबानो प्रकरणात उच्च न्यायालयाने ठरविलेली रक्कम १७९ रुपये २० पैसे होती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एवढ्या रकमेत वृद्ध स्त्रीच्या रुग्णालयाच्या खर्चाचा विचारही संभवत नव्हता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने वैद्यकीय खर्चाचा स्वतंत्र उल्लेख केला आणि त्याला धर्माची अट घातली नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून उगम पावलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी गंभीर आजार व अपंगत्व हा निर्वाह ठरविण्याचा एक निकष मानला. इस्लामी विधिचिंतनातही वहबा अल-जुहैली यांच्यासारख्या आधुनिक फकीहांनी उपचार हा अन्नाइतकाच मूलभूत असल्याचे प्रतिपादन केले आहे.

याच कालखंडात आरोग्य विम्याने प्रश्नाला वेगळे वळण दिले. कामगार राज्य विमा योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी मलिहाबादपासून फार दूर नसलेल्या कानपुरात आणि दिल्लीत झाला. या कायद्यातील 'कुटुंब' या संज्ञेत जोडीदार येतो. घटस्फोटित जोडीदाराचा निर्देश नाही. खाजगी कौटुंबिक विम्याचा पायाही वैवाहिक नातेच असते. याउलट फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, 'पत्नी' या शब्दात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही समाविष्ट आहे. एकच स्त्री निर्वाहाच्या कायद्यात पत्नी ठरते आणि विम्याच्या कागदात परकी होते. विभक्तपणाच्या काळात नाते कायद्याने शाबूत असले, तरी पत्नीचे नाव विम्यात कायम ठेवण्याची पतीवर सक्ती करणारे स्वतंत्र कलम भारतीय विवाहकायद्यांत नाही. न्यायालय निर्वाहाच्या आदेशातूनच तो भार वळवू शकते. अमेरिकेत १९८६ च्या संघीय कायद्याने घटस्फोटित जोडीदारास नोकरीतील सामूहिक विमा स्वतः हप्ता भरून ३६ महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली. तेथेही हप्त्याचा भार तिच्यावर आला, परंतु दार एकदम बंद झाले नाही.

मलिहाबादच्या बागायती अर्थव्यवस्थेत हा भेद अधिक तीव्र होतो. आंब्याचे उत्पन्न हंगामी असते, त्यात मासिक वेतन नसते. कामगार विम्याच्या कायद्याने तर हंगामी कारखानेही कक्षेबाहेर ठेवले आहेत. नोकरीशी निगडित विम्याचे छत्र नसलेल्या अशा व्यवस्थेतील विभक्त स्त्रीला निर्वाहाचा दावा हाच प्रमुख आधार उरतो, आणि त्या दाव्यातील उपचाराचा रकाना तिच्यासाठी निर्णायक ठरतो. मेहर, पानदानखर्च आणि विमा या तिन्ही व्यवस्थांनी स्त्रीचे संरक्षण करारावर वा नात्यावर सोपविले. १९५६ च्या व्याख्येने प्रथमच ते तिच्या देहाच्या गरजेशी जोडले. 'पोटगी' या शब्दाचा अर्थ कायद्याने त्या दिवशी विस्तारला. विम्याच्या व्याख्यांपर्यंत तो विस्तार अद्याप पोहोचलेला नाही.