सामोआ बेटांतील इंग्रजीचा प्रयोग

१८७७ सालीं एडिसननें बोलणारें यंत्र तयार केलें आणि पुढच्याच वर्षीं एका अमेरिकन नियतकालिकांत लेख लिहून त्या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. पत्रें सांगून लिहविणें, अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें तयार करणें, घरांतील वडीलधाऱ्यांचे शब्द जपून ठेवणें अशा त्या यादींत आणखी दोन उपयोग होते. भाषांचे बिनचूक उच्चार जतन करणें हा एक. आणि शिक्षकानें केलेलें स्पष्टीकरण सांठवून तें विद्यार्थ्याला हवें तेव्हां पुन्हां ऐकतां येईल असें करणें, हा दुसरा. पुढें संगीताच्या तबकड्यांनीं सारें जग व्यापलें. तथापि भाषा शिकविण्याच्या कामीं यंत्राला जुंपण्याची कल्पना ही त्या यंत्राच्या बारशाइतकीच जुनी आहे.

ती लौकरच अमलांतहि आली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील स्क्रँटन येथील टपालद्वारां शिकविणाऱ्या संस्थेनें मेणाच्या नळकांड्यांवर भाषेचे पाठ भरून विद्यार्थ्यांच्या घरीं धाडले. लंडनच्या लिंग्वाफोन कंपनीनें हाच व्यवसाय तबकड्यांवर वाढविला. १९२४ सालीं ब्रिटिश नभोवाणीनें शाळांसाठीं कार्यक्रम सुरू केले, आणि १९४३ सालीं तिनें परदेशस्थांना इंग्रजीचे धडे देण्यास प्रारंभ केला. या सर्व उपक्रमांत यंत्राची पायरी ठरलेली होती. शिक्षक असेल तेथें तें त्याच्या हाताखालीं राही. नसेल तेथें एकट्यादुकट्या विद्यार्थ्याची सोबत करी. वर्गांत शिक्षक उभा असतांना त्यालाच यंत्राच्या हाताखालीं द्यावयाचें, हा विचार निराळा होता. एका सबंध मुलखाच्या शाळांतून तो अमलांत आला तो १९६४ सालीं, आणि तोहि पॅसिफिक महासागरांतील अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटांत.

या बेटांपैकीं तुतुइला हें मुख्य. त्याच्या पोटांत समुद्र खोलवर शिरून एक सुरेख बंदर झालें आहे. त्याचें नांव पागो पागो. लिहावयाचें 'पागो' आणि म्हणावयाचें 'पांगो', कारण सामोअन लिपींत 'ग'साठीं योजलेल्या अक्षराचा उच्चार अनुनासिक होतो. १९०० सालीं तुतुइलाच्या नायकांनीं हें बेट अमेरिकेच्या स्वाधीन केलें. १९५१ पर्यंत तेथें आरमाराचा अंमल होता. त्या वर्षीं आरमारानें तळ हलविला, रोजगार बुडाला आणि माणसें हवाई व कॅलिफोर्नियाची वाट धरूं लागलीं. सामोअन मनुष्याला अमेरिकेंत जाऊन राहण्यास आडकाठी नव्हती. अडचण होती ती भाषेची. बंदरावर उतरल्यापासून प्रत्येक दारावर इंग्रजीचा पहारा होता. १९६० च्या खानेसुमारींत या बेटांची लोकसंख्या सुमारें वीस हजार भरली. तेवढ्या लोकांच्या मुलांना इंग्रजी कसें शिकवावें, असा हा प्रश्न होता.

सामोअन लोक अडाणी होते असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १८३० सालीं लंडन मिशनचे लोक या द्वीपसमूहांत आले. १८५५ पर्यंत सबंध बायबल सामोअन भाषेंत उतरलें. आणि गांवोगांवच्या पाद्र्यांच्या शाळांनीं एकोणिसाव्या शतकांतच तेथील लोकांना आपल्या भाषेंत लिहितांवाचतां केलें. सभेंत गांवाच्या वतीनें बोलणाऱ्या नायकांचा तेथें स्वतंत्र वर्गच आहे. थोरांच्या जेवण्याला एक क्रियापद आणि सामान्यांच्या जेवण्याला दुसरें, असा त्या भाषेचा अदबशीरपणा आहे. आमच्या 'अहो-जाहो'नें त्याच्यापुढें मान खालीं घालावी. अशा बोलक्या समाजांतला शाळामास्तर इंग्रजीपुढें मात्र मुका होई.

याचें कारण त्याच्या बुद्धींत नव्हतें. त्याला इंग्रजी शिकविणारा स्वतःच इंग्रजी ऐकून शिकलेला नसे. स्वतःच्या शब्दांसाठीं सामोअन भाषेला चौदाच अक्षरें पुरतात. तिच्यांत जोडाक्षर नाहीं आणि शब्दाच्या अखेरीस व्यंजन नाहीं. 'ख्रिसमस' या शब्दाला त्या मुखांतून बाहेर पडतांना 'केरिसिमासि' व्हावें लागतें. असा मास्तर फळ्यावर वाक्य लिही, तें मोठ्यानें वाची, आणि वर्ग एका सुरांत तेंच म्हणे. वाक्य पाठ होई; त्याचा अर्थ पुष्कळदां फळ्यावरच राही.

१९६१ च्या जुलै महिन्यांत रीडर्स डायजेस्ट मासिकांत या बेटांच्या दुरवस्थेवर एक झणझणीत लेख आला आणि वॉशिंग्टनला लाज वाटली. त्याच वर्षीं प्रेसिडेंट केनेडी यांनीं एच. रेक्स ली यांना गव्हर्नर नेमलें. ली हे कामाचा झपाटा असलेले गृहस्थ होते. रस्ते, दवाखाने, इमारती यांना त्यांनीं हात घातला. पण शाळांपाशीं येऊन ते थबकले. स्थानिक शिक्षकांना नव्यानें शिकवून तयार करावयाचें म्हणजे एक पिढी वाट पाहणें आलें. शेंकडों अमेरिकन शिक्षक आणून त्यांना खेड्यापाड्यांत ठेवावें, तर खर्च परवडत नव्हता. ली यांना टेलिव्हिजनची युक्ति सुचली. शैक्षणिक प्रक्षेपकांच्या अमेरिकन संघटनेचे व्हर्नन ब्रॉन्सन यांनीं बेटांवर जाऊन पाहणी केली आणि तिला आराखड्याचें रूप दिलें. मोजके निष्णात शिक्षक पागो पागोच्या स्टुडिओंत बसवावे. त्यांनीं पडद्यावरून सर्व बेटांना शिकवावें. आणि गांवच्या शिक्षकानें त्या पाठाची पूर्वतयारी व उजळणी करून घ्यावी.

यंत्रांवरील भाबड्या श्रद्धेचा तो काळ होता, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९५७ सालीं रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला आणि १९५८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें शिक्षणासाठीं खास कायदा करून तिजोरी उघडली. त्या पैशांतून शाळाशाळांत ध्वनिफिती व कानावर बसविण्याचे श्रवणयंत्र यांनीं सजलेल्या भाषाप्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९६३ सालीं रेमंड कीटिंग यांनीं न्यूयॉर्कभोंवतालच्या शाळांतील फ्रेंच शिकणाऱ्या सुमारें पांच हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत बहुतेक कसोट्यांवर प्रयोगशाळा न वापरणारीं मुलेंच पुढें दिसलीं. पण तोंवर सामोआच्या डोंगरावर सामान चढूं लागलें होतें.

पागो पागो बंदराच्या एका बाजूस अलावा नांवाचा सुमारें सोळाशें फूट उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे उभारले. तेथवर कामगार नेण्यासाठीं बंदराच्या पाण्यावरून मैलभर लांबीचा तारेचा दोर ताणला आणि त्याला पाळणा टांगला. एका वेळीं निरनिराळ्या इयत्तांना निरनिराळे पाठ देतां यावे म्हणून सहा वाहिन्या ठेवल्या. वीस हजार वस्तीच्या मानानें हा थाट मोठाच म्हटला पाहिजे. जुन्या एकखणी शाळांच्या जागीं नव्या मोठ्या शाळा बांधल्या. ऑक्टोबर १९६४ मध्यें पाठ सुरू झाले.

आतां या नव्या व्यवस्थेंत उभ्या राहणाऱ्या सामोअन शिक्षकाकडे वळूं. त्याच्या हातीं स्टुडिओकडून छापील मार्गदर्शिका येई. अमुक पाठापूर्वीं अमुक शब्द सांगावे, अमुक चित्र दाखवावें, पाठानंतर अमुक वाक्यें म्हणवून घ्यावीं, असें तींत लिहिलेलें असे. ठरल्या मिनिटाला संच सुरू करावयाचा. पडद्यावर अमेरिकन शिक्षिका हातांत वस्तु धरी, तिचें नांव उच्चारी, वाक्य म्हणे आणि क्षणभर थांबे. तेवढ्यांत वर्गानें तें वाक्य म्हणावयाचें. वीसपंचवीस मिनिटांत पाठ संपे आणि वर्ग पुन्हां शिक्षकाच्या हवालीं होई. शाळा सुटल्यावर शिक्षकांसाठीं स्वतंत्र प्रक्षेपण असे. मुलांबरोबर शिक्षकाचेंहि इंग्रजी सुधारावें अशी योजनाकारांची अपेक्षा होती आणि ती अगदींच फोल ठरली नाहीं. खऱ्या इंग्रजी बोलण्याचा सूर रोज कानीं पडणें हाच पुष्कळांना मोठा लाभ होता.

संच लावणें, चित्र स्थिर करणें, आवाज बेताचा ठेवणें या गोष्टी शिकावयास फार दिवस लागत नाहींत. कठीण होतें तें निराळेंच. कालचा पाठ मुलांना समजला नाहीं, तरी आजचा पाठ ठरल्या वेळीं येणारच. त्याला थांब म्हणण्याचा अधिकार वर्गांतल्या शिक्षकाला नव्हता. डोंगराआडच्या खेड्यांतलें मूल आणि बंदरावर रोज इंग्रजी ऐकणारें मूल, दोघांना एकच पाठ, एकाच गतीनें. मुलाच्या कपाळावरची आठी वर्गांतल्या शिक्षकाला दिसे, पण पाठ त्याचा नव्हता. पाठ ज्या शिक्षिकेचा होता तिला ती आठी दिसत नव्हती. हाताखालच्या माणसाला पाहतां येतें आणि मालकाला पाहतां येत नाहीं, अशी ही उफराटी रचना होती. नव्या शिक्षकाला यंत्र वापरण्याचें शिक्षण मिळालें. यंत्र केव्हां वापरूं नये हें ठरविण्याची मुभा मात्र त्याला नव्हती, आणि ज्याला ती नाहीं त्याला यंत्र वापरतां येतें असें म्हणणें कठीण आहे.

शिवाय मानाचा प्रश्न होता. ज्या समाजांत वय, पदवी आणि वाणी यांना एवढें महत्त्व, तेथें मुलांदेखत शिक्षकाचा उच्चार पडद्यावरच्या उच्चाराशीं रोज ताडून पाहिला जाऊं लागला. गांवच्या शाळेवर मुख्याध्यापकहि बहुधा अमेरिकेंतून आलेला असे. शिक्षकानें शिक्षक म्हणून आपलें असें काय करावें, याचें उत्तर मार्गदर्शिकेंत नव्हतें.

बाहेर मात्र या प्रयोगाचा गाजावाजा झाला. ऑक्टोबर १९६६ मध्यें प्रेसिडेंट जॉन्सन स्वतः पागो पागोला उतरले आणि त्यांनीं प्रयोगाची प्रशंसा केली. देशोदेशींचे पाहुणे येऊं लागले. एल साल्वादोर, आयव्हरी कोस्ट अशा देशांत थोड्याच वर्षांत शाळांसाठीं टेलिव्हिजनच्या मोठ्या योजना निघाल्या.

फळ कांहींच मिळालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. खालच्या इयत्तांत मुलांचें ऐकण्याबोलण्याचें इंग्रजी सुधारलें. परंतु इयत्ता जसजशी वर जाई तसतसा पडद्याचा उपयोग आणि त्याविषयींचा आदर दोन्ही ओसरत. या प्रयोगाचा वर्षानुवर्षें अभ्यास करणारे विल्बर श्रॅम यांना १९७० नंतरच्या पाहण्यांत आढळलें कीं, लहान मुलें आणि त्यांचे शिक्षक टेलिव्हिजनला अनुकूल आहेत, वरच्या वर्गांतलीं मुलें कंटाळलीं आहेत, आणि शिक्षकांना तो हवा असला तरी आपल्या मर्जीनें व थोडा हवा आहे. हायस्कुलांतून तो प्रथम मागें हटला. १९७० सालींच बेटांवर कॉलेज निघालें आणि शिक्षकांचें स्वतःचें शिक्षण वाढूं लागलें. ज्या उणिवेवर सारी योजना उभी होती ती उणीव जसजशी भरत गेली तसतशी योजनेची गरज सरत गेली. त्या दशकाच्या मध्यापर्यंत टेलिव्हिजन हा सामोआच्या शाळांत केवळ पूरक साधन म्हणून उरला. संध्याकाळीं मात्र अमेरिकेंतून आलेले करमणुकीचे खेळ घरोघर पाहिले जात. मुलांच्या कानावर सर्वांत जास्त इंग्रजी कदाचित् त्या वेळींच पडत असावें!

आयव्हरी कोस्टमध्यें तर पालक आणि शिक्षक यांचा विरोध एवढा वाढला कीं, १९८० नंतर तेथील योजना गुंडाळावी लागली.

साधारण त्याच सुमारास केनियांत एक लहानसें काम चाललें होतें. १९८० ते १९८५ या काळांत तेथील पहिल्या तीन इयत्तांना रोज अर्धा तास रेडिओवरून इंग्रजी शिकविण्याचा प्रयोग झाला. डोंगरावर मनोरे नाहींत, पाळणा नाहीं. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ. पाठांत मिनिटामिनिटाला विराम ठेवलेले असत आणि त्या विरामांत मुलांनीं मोठ्यानें उत्तर द्यावयाचें असे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, रेडिओ शिक्षकाला काम देई: आतां ही वस्तु दाखवा, आतां एका मुलाला उभें करा, आतां फळ्याकडे बोट करा. कोणाला उभें करावयाचें हें शिक्षक ठरवी. आणि पाठ तयार करणारे लोक वर्गांत जाऊन बसत. मुलें कोठें अडखळतात तें टिपीत, आणि पुढचे पाठ त्या बेतानें लिहीत. परीक्षा घेतल्यावर ऐकण्यांत आणि वाचण्यांत या मुलांनीं इतर मुलांना मागें टाकलें.

१९९० नंतर याच धाटणीचे पाठ 'इंग्लिश इन ॲक्शन' या नांवानें दक्षिण आफ्रिकेच्या शाळांत गेले. तेथें गोऱ्यांच्या राजवटीनें काळ्या शिक्षकांना पुरेसें शिकूं दिलेलें नव्हतें. तेव्हां रेडिओच्या पाठांबरोबर शिक्षकांच्या सभा आणि त्यांच्या वर्गांना भेटी देणारीं माणसें हींहि योजनेचाच भाग म्हणून ठेवण्यांत आलीं.